साखर कमी करायची ना? मग आधी ताजी वेलची आणा

बाबांचा एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर सांगणारी तपासणी, ६.३ आला. डॉक्टर म्हणाले, अजून वेळ हातात आहे, गोड कमी करा. घरी येऊन मी पहिल्यांदा चहाचा हिशेब मांडला. दिवसाचे ५ कप, कपात २ चमचे. चमच्यात ५ ग्रॅम साखर धरली तरी दिवसाला ५० ग्रॅम, महिन्याला दीड किलो. एका माणसाची, तीही फक्त चहातली! जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगतेय की वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवा. त्यात मधही आला आणि आपला गूळही. 'आम्ही साखर सोडली, गूळ घेतो' म्हणणाऱ्यांनी हे खरंच मनावर घ्यावं.

पहिले चार दिवस मी नुसती साखर निम्मी केली. बाबांनी चहा अर्धा टाकला. "काढा पितोय असं वाटतं गं," म्हणाले. त्यांचं चुकत नव्हतं. गोडी काढून घेतली आणि तिच्या जागी काहीच दिलं नाही, तर माणूस किती दिवस टिकणार?

वाट दाखवली गुहागरच्या मावशीने. "वास नीट आला की निम्मी गोडी आलीच," हे तिचं म्हणणं. ते खरंच आहे. घास तोंडात असताना त्याचा वास घशामागून नाकात चढतो आणि मेंदू तो चवीतच धरतो. वेलची, जायफळ, केशर हे वास आपण लहानपणापासून खीर, श्रीखंड, पुरणपोळीबरोबरच घेतलेत. त्यामुळे तो वास आला की जिभेला गोड वाटू लागतं.

पण वास हवा! आमच्या डब्यातली वेलचीपूड नाकाशी धरली तर लाकडाच्या भुशासारखी. ती फेकली. आता हिरव्या, टपोऱ्या वेलच्या आणते. सोलल्यावर दाणे काळे आणि बोटाला चिकटणारे निघाले पाहिजेत. खलबत्त्यात दाणे निसटतात म्हणून साखर घालून कुटायची आपली सवय. मी साखरेऐवजी चहाची पावडरच घालते. टरफलं चहाच्या डब्यात. आणि पूड गॅस बंद करताना घालायची, वर झाकण. उकळत ठेवली तर वास घरभर जातो, कपात राहत नाही. सकाळी आलं, दुपारी वेलची, संध्याकाळी दालचिनीचा तुकडा. बाबा दोन महिन्यांत अर्ध्या चमच्यावर आले.

पाडव्याला किलोभर चक्क्याला किलोभर साखर हे आमच्या घरचं प्रमाण. यंदा ६०० ग्रॅम घातली, सहाणेवर दुधात जायफळ उगाळलं, केशर भिजवून घातलं. थंडगार पदार्थ जिभेला कमी गोड लागतो, म्हणून श्रीखंड जेवणाआधी थोडा वेळ फ्रिजबाहेर ठेवलं. वाट्याही लहान घेतल्या, कारण ६०० ग्रॅम म्हणजे काही कमी नव्हे.

आता कळकळीने एक सांगते. 'दालचिनीचं पाणी प्या, मधुमेह पळवा' असले मेसेज कृपा करून पुढे पाठवू नका. मसाला औषधाच्या गोळीची जागा घेत नाही. त्याचं काम एवढंच, की कमी साखरेत मन भागतं. बाजारात दालचिनी म्हणून बहुतेक वेळा मिळते ती जाड सालीची कॅशिया. तिच्यात कुमारिन नावाचं द्रव्य असतं आणि ती रोज चमचा-चमचा खाल्ली तर यकृताला त्रास होऊ शकतो. पातळ पापुद्र्यांची गुंडाळी असते ती खरी दालचिनी. आपल्या कोकणातही ती होते, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' नावाचं वाणही दिलंय. जायफळ चिमूटभरच, जास्त झालं तर ते विषारी ठरतं. जेष्ठमध चवीला छान गोड, पण त्याने रक्तदाब वाढू शकतो. बाबांना बीपीची गोळी आहे, म्हणून आमच्याकडे तो बंद.

अनारशाचं मात्र अडलंय. गूळ कमी केला की पीठ बांधलंच जात नाही. दिवाळीच्या आत कुणाला जमलं असेल तर प्रमाण नक्की सांगा, बाबांना अनारसे फार आवडतात.