बाबांना पायरीवरून उठवलं

आज सकाळी माझ्या ८४ वर्षांच्या बाबांना शिट्टी मारून उठवलं. तळ्याच्या पायरीवरून. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहितेय. लांबेल, पण आज मनात ठेवणार नाही.

घराजवळच्याच तलावावर गेलो होतो. नाव मुद्दाम घेत नाही, कारण ठाण्यातला कुठलाही तलाव घ्या, कमीअधिक हेच. गेल्या दोन वर्षांत तिथं ‘सुशोभीकरण’ झालं. पेव्हर ब्लॉक, छातीएवढं स्टीलचं रेलिंग, रात्री रंग बदलणारे दिवे, दाराशी लाल बदाम काढलेली मोठी लोखंडी अक्षरं. जुन्या विसर्जनाच्या चार पायऱ्या तेवढ्या एका कोपऱ्यात उरल्यात आणि त्यांनाही फाटक. ते उघडं होतं. बाबा काठी टेकत आत गेले, चपला काढून शेजारी ठेवल्या आणि बसले. पाण्यात पायसुद्धा घातले नाहीत हो. नुसते बसले.

मग शिट्टी. “ओ आजोबा, इथं बसायचं नाही. बाकडी आहेत ना तिकडं.”

आणि बाबा उठले. “सॉरी हं,” म्हणाले. घाईत एकच चप्पल पायात गेली, दुसरी हातात घेऊन अनवाणी पायानं रेलिंगपर्यंत आले. ते ‘सॉरी’ माझ्या कानातून जात नाहीये.

तुमच्यातल्या ज्यांनी माझ्या बाबांना पाहिलंय त्यांना ठाऊक आहे हा माणूस कोण आहे. मी सहावीत असेन. बाबा फोर्टात नोकरीला. संध्याकाळी ठाण्याला उतरायचे, स्टेशनपासून घर चालत पंधरा मिनिटं, पण घरी यायला रोज अर्धा-पाऊण तास उशीर. एक दिवस आईनं मला बघायला पिटाळलं. तलावपाळीवर सापडले. कट्ट्यावर, मासुंदा तलावाकडे तोंड करून. बूट काढून शेजारी ठेवलेले, मोजे बुटांत खोचलेले, रिकामा डबा मांडीवर. मी हाक नाही मारली, शेजारी जाऊन बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, “गाडीचा आवाज कानातून जायला एवढा वेळ लागतो गं.” मग पुडीतले उरलेले शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले आणि आम्ही घरी आलो. नंतर कित्येक वर्षं कधी कधी मीच आपणहून जायची, त्यांच्या शेजारी बसायला.

त्या कट्ट्यावर कुणी त्यांना कधी उठवलं नाही. मागे रंगायतनला नाटकाची गर्दी, पलीकडे कौपिनेश्वराची घंटा, भेळवाले, भांडणारी पोरं, प्रेमात पडलेली पोरं, सगळे एकाच काठाला. आणि मध्ये एक माणूस मोजे काढून बसलेला. पाणी सगळ्यांचं होतं.

आपण ‘तलावांचं शहर’ म्हणून मिरवतो. जुनी माणसं साठ तलाव सांगतात, आज पस्तिसेक उरलेत. मुंबईकडे बघा. धोबी तलावला उतरून तलाव शोधा. गोवालिया टँक, सी. पी. टँक, सगळी नावं बसच्या पाटीवर राहिली, पाणी मातीखाली गेलं. आपल्याकडे निदान पाणी आहे! आणि आपण काय केलं? त्याला पिंजरा घातला. बुजवलेला तलाव आणि जाळीआडचा तलाव, बाबांच्या दृष्टीनं फरक काय, सांगा ना मला.

हो, मुलं बुडतात. हो, लोक निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट फेकतात. मान्य. म्हणून ८४ वर्षांच्या माणसाला उठवायचं?

आणि हे काठ बांधणारे पाण्याचा तरी विचार करतात का? सरळ उभी सिमेंटची भिंत घातली की काठचं उथळ पाणी जातं, लव्हाळं जातं. वंचक, पाणकोंबडी हे पक्षी त्याच उथळ पाण्यात चरतात. त्यांना कुणी शिट्टी मारत नाही, त्यांची जागाच काढून घेतात. वर रात्रभर जांभळे-हिरवे दिवे. पवईला तलावाच्या कडेनं सायकल ट्रॅक घालायला निघाले होते, आठवतंय? शेवटी २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं ते काम बेकायदा ठरवलं, केलेलं काढून टाकायला सांगितलं. कोर्टात जावं लागतं आपल्याला. तळ्याला तळं राहू द्या एवढं सांगायला!

थांबते जरा. चहा ठेवते.

(चहा झाला.)

एक सांगायला हवं. तो सिक्युरिटीचा मुलगा वाईट नव्हता. बाबा रेलिंगपाशी अडखळले तेव्हा त्यानंच हात धरला, खाली वाकून दुसरी चप्पल त्यानंच पायात सरकवली. “मॅडम, वरून ओरडतात, कॅमेरा आहे,” म्हणाला. बारा तास उभा असतो. गाव विचारलं तर जालन्याकडचं निघालं. त्याच्या गावी तळं आहे का विचारायचं राहिलं. त्याच्यावर माझा राग नाही. ज्यांनी नकाशात सेल्फीला जागा ठेवली आणि पाण्यापाशी उतरायला वाट ठेवली नाही त्यांच्यावर आहे. सेल्फीत तर माणसाची पाठ पाण्याकडे असते.

आणि मी काही सगळीकडे पायऱ्या बांधा म्हणत नाहीये. विहार आणि तुळशी हे तलाव बंदच असू देत. मुंबईचं पिण्याचं पाणी आहे ते, भोवती नॅशनल पार्कचं जंगल आहे, आपण तिथं जायचं कारणच नाही. पवईत मगरी आहेत, तिथं लांबूनच बघा. हे सगळं मला बाबांनीच शिकवलंय. विहार १८६० चा, तुळशी १८७९ चा, पवई १८९० चा, त्यांना तोंडपाठ. जुलैत पेपरात ‘तुळशी भरून वाहू लागला’ अशी बातमी आली की ते मोठ्यानं वाचतात, अजूनही. मग मला समजावतात, तुळशीचं जादा पाणी विहारात उतरतं, विहारचं आणि पवईचं मिठी नदीत. दरवर्षी सांगतात, दरवर्षी मी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकते. आई गेली त्या वर्षी जुलैत बातमी आली तेव्हा त्यांनी वाचली नाही. पेपर घडी घालून ठेवला. संध्याकाळी म्हणाले, “तळ्यावर नेशील का?” नेलं. पाऊस होता, छत्री धरून दोघं पायरीवर बसलो. हीच ती पायरी. तेव्हा तिला फाटक नव्हतं.

म्हणून मला आज एवढं लागलंय.

घरी आल्यावर म्हणाले, “चूक माझीच, पाटी वाचायला हवी होती.” मी परत जाऊन बघितलं. पाटीवर पोहणे, मासेमारी, कपडे धुणे, निर्माल्य टाकणे, सगळं मना आहे. बसणे त्यात नाही. मी फोटो काढून आणलाय, कमेंटमध्ये टाकते.

उद्या सकाळी साडेसहाला बाबांना घेऊन पुन्हा जाणार आहे. त्याच पायरीवर बसणार. शिट्टी वाजली तर मी बोलेन, तेही नीट बोलेन, त्या पोराची नोकरी जाईल असं काही करणार नाही. बाबा म्हणताहेत, नको गं, कशाला उगीच. पण मगाशी बघितलं तर काठी आणि चपला दाराशी काढून ठेवल्यात. ठाण्यातलं कुणी येणार असेल तर या. थर्मास भरून चहा मी आणते, शेंगदाणे तुम्ही आणा.