उष्ण पडणारा प्लग

वडिलांनी मागे ठेवलेल्या 1978 सालच्या प्रीमियर पद्मिनीने गेल्या पावसाळ्यानंतर मिसिंग सुरू केले. सिग्नलला ती दमेकऱ्यासारखी खोके, आणि चारांपैकी एक सिलिंडर अधूनमधून वामकुक्षी घेतो आहे हे स्टिअरिंगच्या थरथरीवरून कळे. सिलिंडरात ठिणगी पाडणारे प्लग काढून पाहिले तर चारही काळे आणि कोरडे. (काजळी तेलकट असती तर पिस्टनच्या रिंगांचा खर्च निघाला असता, म्हणून मी तिचे मनोमन आभारही मानले.) कोरडी काजळी म्हणजे एकतर पेट्रोल जास्त जाते आहे, नाहीतर प्लग थंड प्रकृतीचा आहे, इतके मला ठाऊक होते. पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा कार्ब्युरेटर नुकताच साफ केलेला असल्यामुळे दोष प्लगांचाच ठरला. "चार प्लग बदलायचे, अर्ध्या तासाचे काम," असे मी सौभाग्यवतींना सांगितले. ते वाक्य त्या अजून विसरलेल्या नाहीत.

प्लगाची उष्णता ठिणगीवरून ठरत नाही. ती आमच्या आजीच्या शास्त्राप्रमाणे ठरते. पपई हाताला गार लागली तरी उष्णच, तसे हे आहे. प्लगाच्या टोकाशी असलेले चिनी मातीचे नाक लांब असेल तर त्यातली उष्णता इंजिनाच्या हेडपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, नाक तापलेले राहते, आणि तो प्लग उष्ण म्हणवतो. नाक आखूड असेल तर उष्णता चटकन निघून जाते आणि तो थंड. नाक साधारण साडेचारशे-पाचशे अंशांपर्यंत तापले नाही तर त्यावरची काजळी जळत नाही, आणि साडेआठशेच्या फार पुढे गेले तर ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेट घेते. या दोन टोकांच्या मधली प्रकृती शोधायची, एवढाच काय तो प्रश्न होता.

जुन्या प्लगांवर 'मायको' हे नाव आणि 175 हा आकडा होता. बंगळूरच्या या कंपनीचे प्लग म्हणजे पुढे बॉशचे प्लग, हे माहीत असल्यामुळे मी बॉशचा तक्ता काढला. त्यात जुना 175 म्हणजे नवा 7. जुन्या पद्धतीत आकडा वाढला की प्लग थंड होई, नव्या पद्धतीत आकडा वाढला की तो उष्ण होतो. एकाच घराण्यात वडील उत्तरेकडे आणि मुलगा दक्षिणेकडे तोंड करून बसावा, तसला हा प्रकार पचवायला मला एक संध्याकाळ लागली. पण पचल्यावर आत्मविश्वास आला. मला हवा होता थोडा उष्ण प्लग, म्हणजे मोठा आकडा.

दुकानदाराने समोर एनजीके या दुसऱ्याच, जपानी कंपनीच्या प्लगांचे खोके ठेवले. "सहा नंबर देऊ?" मी तज्ज्ञाचे हसू हसून म्हणालो, "सात द्या. जरा उष्ण बरा." त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि गिऱ्हाईक देवासमान असल्यामुळे सात नंबर बांधून दिला. आटे आणि आट्यांची लांबी मात्र मी जुना प्लग शेजारी उभा करून ताडून घेतली, कारण लांबी चुकून जास्त झाली तर प्लगाची पिस्टनशी गाठ पडू शकते.

गाडी आणखी खोकू लागली. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो, हे मला तिसऱ्या दिवशी समजले. सर्दी झालेल्या माणसाला मी श्रीखंड खाऊ घातले होते.

शेवटी मिस्त्रींना शरण गेलो. तक्ते, नाकाची लांबी, अंश सेल्सिअस, सारे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला.

"साहेब, गाडी नेता कुठं?"

"दर रविवारी मंडईत."

"चोक ओढूनच निघत असाल, म्हणजे पेट्रोल जास्तच जातं. तो आत ढकलायच्या आधी मंडई येते. प्लग तापणार कधी?"

माझे जुनेच प्लग त्यांनी तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासले, हॅकसॉचे पाते मध्ये घालून ठिणगीच्या फटीचा गॅप लावला (मी चोरून फट मोजायचा फीलर गेज घातला, 0.6 मिलिमीटरच्या आसपास भरला आणि मी गेज खिशात ठेवला) आणि सांगितले, "एकदा घाट दाखवून आणा."

त्या रविवारी आम्ही मंडईऐवजी साताऱ्याच्या रस्त्याला लागलो. शिरवळपर्यंत गाडी कुरकुरत होती. खंबाटकीच्या चढावर मात्र तिचा आवाज हळूहळू एकसंध होत गेला आणि अर्ध्या घाटात चौथा सिलिंडर झोपेतून उठला. माथा ओलांडून उतारानंतर एका हॉटेलापाशी थांबलो. रुमाल गुंडाळून, तरीही बोटे भाजून घेत, मी एक प्लग काढला. नाकावर बदामी छटा आली होती. ती नीट पारखण्यासाठी मी प्लग चहाच्या कपाशेजारी धरला. रंग जवळपास जुळत होता. चहात दूध किंचित कमी होते.

"अहो, तो कपात पडेल," सौभाग्यवती म्हणाल्या. "आणि त्या नव्या चार प्लगांचं काय करायचं आता?"

ते सध्या औषधांच्या कपाटात आहेत, थर्मामीटरशेजारी.