वीज गेली म्हणून गाडी घसरत नाही: एका फॉरवर्डचा प्रतिवाद

माझी आत्या बहात्तर वर्षांची आहे, कोथरूडला राहते आणि येत्या मे महिन्यात एका सहल कंपनीबरोबर स्वित्झर्लंडला निघाली आहे. गेल्या आठवड्यात तिने फोन करून सांगितले, की सेंट मॉरिट्झ ते तिरानो हा आगगाडीचा टप्पा तिने सोडून दिला आहे आणि तेवढे अंतर ती बसने जाणार आहे. कारण विचारल्यावर तिने भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला एक मजकूर मला पाठवला. तोच मजकूर मला आधी तीन ठिकाणांहून आला होता आणि प्रत्येक वेळी मी तो न वाचता पुसून टाकला होता. घरातले माणूस त्यावरून निर्णय घेईपर्यंत मी गप्प बसलो, हे चुकलेच.

मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे. अरुंद रुळांवर विजेची गाडी चालवणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे, वर दिसणारी तार निव्वळ देखावा आहे. ज्या थोड्या गाड्या खरोखर विजेवर चालतात, त्यांचे ब्रेकही विजेचेच असल्यामुळे घाटात वीज गेली की गाडी मागे घसरते. म्हणून गाडी चढावर थांबताच प्रवाशांनी ‘डोंगराच्या बाजूला उडी मारावी’. थांबलेल्या डब्याच्या पत्र्यात वीज उतरते. स्वतःच्या मोटरींवर चालणारे विजेचे डबे हलके असल्यामुळे दोन-तीनपेक्षा जास्त जोडता येत नाहीत. आणि शेवटी आपली पुणे मेट्रोसुद्धा ‘अरुंद’ रुळांवर आहे, तेव्हा तिच्यापासूनही सावध राहा.

पहिल्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. आत्या ज्या मार्गाने जाणार होती तो बर्निना मार्ग १००० मिलिमीटर रुंदीचा, म्हणजे आपल्या जुन्या मीटर गेजचा आहे आणि तो १९०८ ते १९१० या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाला तेव्हापासून विजेवरच चालतो. जपानमधल्या योक्काइची शहरात तर ७६२ मिलिमीटरच्या रुळांवर विजेचे डबे रोज धावतात. आपल्या बार्शी लाइट रेल्वेचे रूळ नेमके एवढेच रुंद होते. इतक्या लांब जायचे नसेल तर मद्रासकडे पाहावे. तिथे १९३१ साली बीच स्टेशन ते तांबरम ही मीटर गेजवरची विजेची लोकल सुरू झाली आणि २००४ पर्यंत चाकरमानी तिच्यातून ये-जा करत होते. या मुद्द्यात अर्धे सत्य असलेच तर ते एवढेच, की पुणेकराने जवळून पाहिलेली अरुंद रुळांची गाडी म्हणजे माथेरानची, आणि ती डिझेलवर चालते. तेवढ्यावरून साऱ्या जगाचा निवाडा करता येत नाही.

आता ब्रेकविषयी. हाच मुद्दा मला खरोखर संतापजनक वाटतो, कारण बाकीचे मुद्दे वाचून माणूस फार तर अज्ञानी राहील, पण हा वाचून तो जिवाला मुकू शकतो.

आगगाडीचा मूळ ब्रेक विजेवर अवलंबून नसतो आणि तो तसा नसावा याची काळजी एकोणिसाव्या शतकापासून घेतली गेली आहे. गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक नळी जाते आणि तिच्यात दाबाखालची हवा भरलेली असते. हा दाब कायम आहे तोवर ब्रेक सुटलेले राहतात. मोटरमनने मुद्दाम दाब कमी केला, नळी फुटली किंवा डबा तुटून मागे राहिला, तर प्रत्येक डब्याखालच्या टाकीत आधीच साठवलेली हवा ब्रेकच्या सिलिंडरमध्ये शिरते आणि ब्रेक आवळले जातात. स्वित्झर्लंडच्या त्या भागात गाड्यांना पूर्वापार दाबाखालच्या हवेऐवजी निर्वात ब्रेक, म्हणजे नळीतली हवा काढून घेतलेली असेल तोवरच सुटलेले राहणारे ब्रेक, वापरत आले आहेत, पण तत्त्व तेच आहे: काहीही बिघडले तरी ब्रेक लागतो, सुटत नाही. मी अकरा वर्षे तळेगावहून लोणावळा लोकलने पुण्याला येत असे. फलाटावर गाडी थांबताना डब्याखालून येणारा ‘फस्स’ हा आवाज आणि मग थोड्या वेळाने कॉम्प्रेसरची सुरू होणारी धडधड ज्याने ऐकली आहे, त्याने हा ब्रेक कानांनी ओळखला आहे. ती धडधड म्हणजे खर्च झालेली हवा पुन्हा भरण्याचे काम असते. वीज गेली तर धडधड थांबते, पण टाकीत साठलेली हवा जागेवर असते आणि आधुनिक डब्यांत तीही संपली तर स्प्रिंगच्या जोराने लागणारा ब्रेक गाडीला जागच्या जागी धरून ठेवतो.

विजेचा ब्रेकही असतो, ही गोष्ट मात्र खरी आहे आणि मजकूर लिहिणाऱ्याने बहुधा कुठेतरी हेच अर्धवट वाचले असावे. उतारावर मोटरी जनित्रासारख्या फिरवल्या की त्या गाडीचा वेग रोखतात आणि तयार झालेली वीज एक तर तारेत परत जाते किंवा छतावरच्या रोधकांत उष्णता होऊन संपते. तारेतली वीज गेली तरी हा दुसरा मार्ग मोकळा राहतो. हा ब्रेक किती जोरकस असतो याचे उत्तम उदाहरण २९ ऑक्टोबर २०२२ रोजी पाहायला मिळाले. बर्निना मार्ग चालवणाऱ्या रेटियन रेल्वेने त्या दिवशी आपल्याच दुसऱ्या, आल्बुला मार्गावर चार-चार डब्यांच्या २५ विजेच्या गाड्या एकमेकींना जोडून १०० डब्यांची, सुमारे १९०६ मीटर लांबीची एकच गाडी प्रेडाहून आल्वानेऊपर्यंत जवळपास ७९० मीटर खाली उतरवली. तिच्यासाठी सात चालक लागले. बोगद्यांत त्यांचे एकमेकांशी बोलणे व्हावे म्हणून तात्पुरती टेलिफोनची तार ओढावी लागली, आणि वेग ताशी ३५ किलोमीटरपर्यंत मर्यादित ठेवावा लागला, कारण उतारावर ब्रेक लागताना मोटरींनी परत पाठवलेली वीज तारेला झेपणे गरजेचे होते. म्हणजे अरुंद रूळ, घाट आणि विजेचे डबे हे तिन्ही एकत्र आल्यावर वेगावर मर्यादा आली ती ब्रेक न लागण्यामुळे नव्हे, तर ब्रेकमधून फार वीज निर्माण होण्यामुळे. दोन-तीनपेक्षा जास्त डबे जोडता येत नाहीत या मुद्द्याचे उत्तरही यातच आले, त्यामुळे त्यावर वेगळे लिहीत नाही.

आणि ‘उडी मारा’ हा सल्ला. २२ जानेवारी २०२५ रोजी आपल्याच राज्यात, पाचोऱ्याजवळ, पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली, गाडी थांबताच माणसे खाली उतरली आणि शेजारच्या रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली किमान १२ जण मेले. आग लागलेलीच नव्हती. या घटनेनंतरही जो कोणी थांबलेल्या गाडीतून उडी मारण्याचा सल्ला लाल अक्षरांत लिहून ‘सर्वांना पाठवा’ म्हणतो, त्याचा हेतू चांगला असेल असे गृहीत धरण्याची माझी तयारी नाही. शिवाय ‘डोंगराच्या बाजूला’ म्हणजे कुठे? आल्बुला मार्गावरचा लँडवासर पूल ६५ मीटर उंच आहे. त्यावर गाडी थांबली तर डोंगराची बाजू कोणती, हेही लेखकाने सांगून टाकावे.

घाट आणि वीज यांचे वैर आहे, ही कल्पना तर पुणेकराला मुळीच शोभत नाही. भोर घाटात विजेच्या गाड्या १९३० च्या सुमारास सुरू झाल्या आणि १ जून १९३० पासून दख्खनची राणी धावू लागली, तीही विजेवरच. त्या काळी घाटात चालणाऱ्या ज्या इंजिनांना लोक ‘खेकडा’ म्हणत, त्यांतली काही स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यात तयार झाली होती. फरक आहे तो चढाचा. भोर घाटात चढ ३७ ला १, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे २७ मीटर आहे, तर बर्निनावर तो किलोमीटरमागे ७० मीटरपर्यंत जातो, आणि तोही दातेरी रुळाशिवाय. आपल्याकडे कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिने लावावी लागतात. तिकडे मात्र मोटरी एका इंजिनात कोंडलेल्या नसून गाडीच्या अनेक आसांवर वाटलेल्या असतात, त्यामुळे प्रवाशांसकट डब्याचे वजनच चाकांना रुळावर पकड देते. स्वतः चालणारा डबा घाटासाठी जास्त योग्य ठरतो तो याच कारणाने.

पत्र्यात वीज उतरण्याचा मुद्दा थोडक्यात संपवतो. वरच्या तारेतली वीज पँटोग्राफमधून, म्हणजे छतावरच्या तारेला टेकणाऱ्या सांगाड्यातून, मोटरीकडे आणि तिथून चाकांमार्फत रुळातून उपकेंद्राकडे परत जाते. रुळाचा विद्युतदाब जमिनीच्या जवळपास राखलेला असतो आणि डब्याचे धड त्याला जोडलेले असते. त्यामुळे आत बसलेल्याला पत्र्यातून धक्का बसत नाही. धोका असतो तो छतावर चढणाऱ्याला.

मेट्रोबद्दल एक गोष्ट मान्य करायला हवी: तिचे रूळ १४३५ मिलिमीटरचे आहेत आणि भारतीय रेल्वेचे १६७६ मिलिमीटरचे, त्यामुळे मेट्रोचा डबा कधीही लोणावळ्याला जाऊ शकणार नाही. ही गैरसोय खरी आहे. पण १४३५ मिलिमीटर हे अरुंद नव्हे, प्रमाण माप आहे. जपानची शिंकान्सेन आणि फ्रान्सची टीजीव्ही याच मापावर धावतात, आणि बर्लिनजवळ १९०३ साली याच मापाच्या रुळांवर विजेच्या एकट्या डब्याने ताशी २१० किलोमीटरचा वेग गाठला होता. सावधगिरीच सुचवायची असेल तर हिंजवडी ते शिवाजीनगर या मार्गिकेविषयी सुचवावी. तिथे वर तार नाही, रुळांच्या बाजूने ७५० व्होल्टचा तिसरा रूळ आहे. तिथे गाडी थांबली म्हणून खाली उतरणे हाच खरा धोका आहे, म्हणजे मजकुरातल्या सल्ल्याच्या बरोबर उलट.

हे सगळे मी परवा आत्याच्या घरी बसून तिला समजावून सांगितले. तिने सहल कंपनीला फोन करून गाडीचे तिकीट पुन्हा घेतले आणि मग विचारले, “वीज गेली तर ब्रेक राहील, हे कळलं. पण डब्यातला हीटर?” तो बंद पडतो. शाल पेटीत न ठेवता हातातल्या पिशवीत ठेव, असे मी तिला सांगितले आहे.