खोट दाखवा, मग भाव पाडा

यवतमाळ-दारव्ह्याकडे खेडा खरेदीचा, म्हणजे गावातच येऊन कापूस घेणारा व्यापारी मूठभर कापूस दाबतो, "ओला आहे" म्हणतो आणि क्विंटलमागे भाव पाडतो. त्यावरून दर हंगामात गावात वाद होतो. काहींना ही घासाघीस म्हणजे धंद्याची रीत वाटते, काहींना उघड लूट. इथं इंग्लंडात मॉडेल रेल्वेच्या, म्हणजे हौशी लोकांच्या छोट्या आगगाड्यांच्या प्रदर्शनांत भरपूर घासाघीस चालते, तरी सहसा कुणी नागवलं जात नाही.

कारण खोट दोघांच्या डोळ्यांसमोर येते. जुनं इंजिन घेताना आधी ते चाचणीच्या रुळावर ठेवायचं. ओओ या तिथल्या प्रचलित मापाच्या रुळांमधलं अंतर १६.५ मिमी, वीज १२ व्होल्ट डीसी. वेग हळूहळू वाढवत पुढे-मागे चालवायचं. अडखळलं तर आधी चाकं पुसायची. नुसत्या मळानंही वीज तुटते आणि तेवढ्यासाठी पैसे कमी मागणं बरं नव्हे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ठरलेल्या जागी झटका बसला, तर गिअरला चीर गेल्याचा संशय घ्यावा. मग इंजिन उलटं करून सांगाडा बघायचा. जुन्या ओतकामात जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिली असेल, तर तो काही वर्षांनी फुगतो, वाकतो, तडकतो. त्याला इलाज नाही. सुट्या भागांच्या भावानं मिळालं तरच घ्यावं. 'डीसीसी रेडी' (डिजिटल नियंत्रणासाठी तयार) लिहिलं असेल तर आत फक्त सॉकेट असतं, त्यात बसणाऱ्या डिकोडर चिपचा खर्च वेगळा. हे सगळं बोलून झालं की साठ पौंडांचं इंजिन पन्नासला मागायला कुणी लाजत नाही. चार डबे एकदम उचलले तर विकणारा बऱ्याचदा आपणहून काही पैसे सोडतो.

आणि पटलं नाही तर विकणारा माल परत नेतो. इंजिन पुढच्या प्रदर्शनापर्यंत थांबतं. कापूसवाल्याला मात्र बाजाराच्या दिवशी वेचाईची मजुरी चुकती करायची असते. व्यापाऱ्याला हे ठाऊक असतं, म्हणून त्याची मूठ हाच काटा ठरतो. हे मला मुळीच मान्य नाही.

सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) हमीभाव खरेदीत निदान नियम आहे: ८ टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण भाव, ८ ते १२ टक्क्यांत प्रमाणात कपात, १२ टक्क्यांच्या वर खरेदी नाही. खेडा खरेदीतही वजनकाट्याशेजारी ओलावा मोजणारं मीटर हवं. ग्रामपंचायतीनं ते घ्यावं. दव सुकल्यावर, ढिगाच्या वर, मधे आणि तळाला अशी तीन मापं शेतकऱ्यासमोर घ्यावीत. व्यापाऱ्यानं आकडा त्यानंतरच बोलावा.