युनियन हवीच, पण कुणाची?

२३ एप्रिल २०१३. बांगलादेशात ढाक्याजवळच्या राणा प्लाझा या आठ मजली इमारतीला तडे गेले. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरची बँक बंद राहिली, कर्मचारी घरीच थांबले. वरच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र आत जायला लावलं. आत गेला नाहीत तर पगार मिळणार नाही, असा दम अनेकांना दिला गेला. त्याच सकाळी इमारत कोसळली. १,१३४ माणसं गेली. त्यातल्या एकाही कारखान्यात युनियन नव्हती.

युनियन कशाला हवी, असं कुणी विचारलं की मला हेच आठवतं. पगारवाढ, बोनस नंतरचं. 'आम्ही आत जाणार नाही' असं एकट्याने म्हटलं तर त्याच्या जागी दुसरा उभा राहतो. पाचशे जणांनी म्हटलं तर मालकाला बोलणी करावीच लागतात.

युनियनमुळे कामचुकारांना संरक्षण मिळतं, ही तक्रार खोटी नाही. संप लांबला की चूल कामगाराचीच विझते, मालक थांबू शकतो, हेही खरं. पण मला सगळ्यात जास्त छळते ती किंमत वेगळीच आहे.

मागच्या करारात आम्हा कायम कामगारांना चांगली वाढ मिळाली. बदल्यात नवी भरती कंत्राटी करायला युनियनने मान्यता दिली. तेव्हा मी कमिटीत होतो. त्या कागदावर माझीही सही आहे. आज माझ्या शेजारच्या मशीनवर एक कंत्राटी पोरगा आहे. काम तेच, शिफ्ट तीच, पगार माझ्या निम्म्याहून कमी. स्टोअरमधून हातमोजे फक्त कायमवाल्यांना मिळतात. उजव्या हाताचा मोजा आधी फाटतो, म्हणून तो माझ्या जुन्या जोडीतला डावा मोजा उलटा करून उजव्या हातात घालतो. हे रोज बघताना माझी मान खाली जाते.

या कंत्राटी पोरांना सभासद करून घ्या, असं मी नंतर मीटिंगमध्ये म्हटलं. 'आधी आपली माणसं' असं उत्तर आलं. मग हा पोरगा कुणाचा? आणि उद्या आम्ही कामबंद केलं तर ही पोरं आमच्यासाठी गेटबाहेर का थांबतील?

येत्या करारासाठी मी लेखी दिलंय: मागणीपत्राच्या पहिल्या पानावर कंत्राटी कामगारांचं सभासदत्व आणि सुरक्षेचं साहित्य हवं. सह्या गोळा करतोय. आजपर्यंत ३१ झाल्यात.