काळी चार, उणे चार

कीबोर्ड मुळात लेकीसाठी घेतला होता. तिने तीन महिन्यांत सारेगमपासून "बाबा, मला चित्रकला जास्त आवडते" इथपर्यंत मजल मारली आणि ६१ पट्ट्यांचं ते धूड चादर पांघरून कपाटावर जाऊन झोपलं. मी ते खाली काढलं तेव्हा माझं वय ४२ होतं. आमच्या सिंधुदुर्गात या वयाचा माणूस एकतर राजकारणात पडतो, नाहीतर भजनात. राजकारणाला भांडवल लागतं.

दिवसा कचेरी, त्यामुळे सराव रात्री, हेडफोन लावून. माझ्या कानात सनई, सतार, व्हायोलिन, आणि बाहेर नुसती प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची खटखट. आठवडाभर सोसून बायकोने अंधारातून विचारलं, "तुमी रात्रभर काय टाइप करतास?"

स्टँड आणला त्या दिवशी शेजारच्या काकांनी गडग्यावरून ते कातरीसारखं उघडणारं लोखंड पाहिलं. "इस्त्रीचो धंदो काढलंस काय रे?" मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नसावा, कारण संध्याकाळी नातवाचा शाळेचा सदरा आला.

पहिला प्रवेश वाडीच्या भजनात. बुवा पेटीवर, शेजारी पखवाज, मागे झांजा आणि कोरस. बुवा म्हणाले, "झिला, काळी चार." आमच्याकडे सूर पट्टीच्या रंगाने आणि क्रमांकाने सांगतात, पांढरी एक, काळी दोन, काळी चार. मला येत होती फक्त पांढरी एक. पण कीबोर्डाला ट्रान्सपोज नावाचं एक बटण असतं. ते उणे चारवर नेलं की बोटं पांढरी एकवरच फिरतात आणि आवाज काळी चारचा येतो. आयुष्यात इतकी सोयीची लबाडी मला दुसरी सापडलेली नाही. मी ऐटीत सूर धरला. बुवांनी पेटीचा सूर धरला. आणि दोन्हींच्या मधे, उकडीच्या मोदकात खडा लागावा तसं काहीतरी कचकचलं.

"तुझो डबो चुकता," बुवा म्हणाले.

मी म्हटलं, "बुवा, हा कारखान्यातून ४४० हर्ट्झवर जुळवून येतो."

"ही पेटी माझ्या आज्याची. ती कशी चुकतली?"

या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. घरी येऊन मी माहितीपुस्तिका उघडली, तीन रात्री घालवल्या आणि बारीक ट्यूनिंगचा कप्पा शोधून अख्खा कीबोर्ड बुवांच्या आज्यापर्यंत खाली उतरवला. तेव्हापासून तो जगातल्या कुठल्याच वाद्याशी जुळत नाही, फक्त त्या एका पेटीशी जुळतो.

सूर जुळल्यावर मला कंठ फुटला. मी बुवांना सांगितलं की पेटीला आकाशवाणीवर १९४० ते १९७१ बंदी होती, तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही ही एक मोठी तक्रार होती, आणि माझ्याकडे मात्र त्यासाठी डाव्या हाताला खास चाक आहे. बुवा म्हणाले, काढून दाखव. पुढच्या अभंगात मी विठ्ठलाच्या 'ठ्ठ'वर चाक फिरवलं. दावं तोडून पळणाऱ्या रेड्यासारखा आवाज आला. पखवाज थांबला. त्या चाकावर बुवांनी स्वतःच्या हाताने चिकटपट्टी लावली. ती अजून आहे.

दुसरा प्रवेश बेंजो पार्टीत. बाहेरच्यांसाठी सांगतो, हा बेंजो इंग्रजी चित्रपटांतला नव्हे. हा आपला बुलबुल तरंग, टाइपरायटरसारखी बटणं आणि खाली तारा. मूळ जपानी, १९१२च्या सुमारास तिकडे निघालेला ताइशोगोतो. जपानमधून निघून तो आमच्या हळदीला कसा पोचला हा संशोधनाचा विषय आहे, पण हळदीत संशोधन होत नाही, नागीण होते. मला एकच सूचना होती: कोणी रुमाल तोंडात धरून आडवा झाला की बीन वाजवायची. चाकाची चिकटपट्टी त्या रात्रीपुरती सोडवली.

वरात टेम्पोवरून. कीबोर्ड सुंभाने स्टँडला, स्टँड टेम्पोच्या फाळक्याला, आणि मी कशालाच बांधलेलो नव्हतो. पहिल्या खड्ड्यात माझा अंगठा डेमोच्या बटणावर पडला. हे बटण दाबलं की यंत्र स्वतःच आतलं एक विलायती गाणं वाजवायला लागतं, तेही साग्रसंगीत, ड्रम आणि ट्रम्पेटसकट. मी घाबरून बंद करायला गेलो तर दुसरा खड्डा, आणि आवाज पूर्ण वाढला. ऑक्टापॅडवाल्याने माझ्याकडे आदराने पाहिलं. खाली वऱ्हाडी बेभान झाले. मी बोटं हवेत नाचवत राहिलो. नवऱ्याच्या मामाने शंभराची नोट माझ्या डोक्यावरून ओवाळली. आजवर मला मिळालेला हा एकमेव वन्स मोर.

पावसाळा मात्र कोणाचाच नव्हे. जुलैत चार पट्ट्या मुक्या झाल्या. दुरुस्तीवाल्याने पोट उघडून दाखवलं: पट्ट्यांखालच्या रबरावर खारी ओल, आणि एका कोपऱ्यात लाल मुंग्यांचं नांदतं घर. तीन बोलल्या, कोमल निषाद गेला. नेमका बुवांचा लाडका.

मग गणपती आले. तिसऱ्या दिवशी चौथ्या घरी रुपावली संपून अभंग सुरू होणार तोच लाईट गेली. पेट्रोमॅक्स पेटला, झांजा सुरू झाल्या, माझा डबा ठार मेलेला. पण मी कच्च्या गुरूचा चेला नव्हतो. अशा वेळेसाठी पोटात सहा सेल घालून ठेवले होते. झाकण उघडलं. तीन होते. एक भिंतीवरच्या घड्याळात आणि दोन टीव्हीच्या रिमोटमध्ये गेल्याचं नंतर कळलं.

मी अंधारात गुडघे आवळून बसलो. दोन कडवी झाली आणि बुवांनी गाता गाताच डावा खांदा चोळला. मग मानेने मला बोलावलं.

"खांदो धरलो हा. हयसर समोर बस आणि भातो मार."

बसलो. त्यांचे दोन्ही हात पट्ट्यांवर, माझा एक भात्यावर. पहिल्यांदा जोरात मारला तर पेटी किंचाळली, हळू मारला तर दम लागल्यासारखी विझली. बुवा डोळ्यांनी सांगत होते, मी श्वास मोजत होतो. गजरापर्यंत हाताला लय सापडली. कोमल निषाद आला, अगदी स्वच्छ, आणि वारा माझा होता.

लाईट आली तेव्हा गौळण चालली होती. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही, मीही उठलो नाही. उसळ आणि चहा झाला, पुढच्या घरी जायला निघालो. मी रिक्षातून कीबोर्डची पिशवी ओढायला लागलो तर मागून बुवांचा आवाज आला.

"डबो रिक्षात रवांदे. तू ये."