जुना एक्सल विकताना काय सांगायचं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

ऑफरोड गाड्यांच्या जुन्या पार्टांवर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. राग आहे, पण त्यामागे वर्षानुवर्षं हात काळे केल्याचा अनुभवही दिसतो, म्हणून सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जुना माल 'जसा आहे तसा' विकला जातो, पारखून घेणं घेणाऱ्याचं काम. दोष स्वतःहून सांगत बसलं तर धंदा होत नाही. कुठल्या गाडीचा पार्ट ते कागदावर लिहून मागितलं, तर पुण्याच्या नाना पेठेतल्या जुन्या पार्टांच्या बाजारात कोणी दारात उभं करणार नाही. आणि ब्रेक-स्टिअरिंगचं जुनं काहीच घेऊ नका हे माझं वाक्य बंद पडलेल्या गाड्या सांभाळणाऱ्यांच्या काही कामाचं नाही. शेवटी जिप्सीच्या लॉकिंग हबची (पुढची चाकं एक्सलला जोडणारा-सोडवणारा भाग) जोडी विकायची आहे, असंही तुम्ही लिहिलंय.

ब्रेक-स्टिअरिंगबद्दल तुमचं बरोबर आहे. जिप्सी 2019 ला बंद झाली, जुन्या जीपा तर त्याच्या कितीतरी आधी. स्टिअरिंग बॉक्सचं हाउसिंग (बाहेरचं कवच) किंवा पुढचा नकल (चाक ज्यावर वळतं तो जाड सांधा) नवा मिळेलच असं नाही. मी सरसकट लिहायला नको होतं. आता असं म्हणेन: ब्रेक शू, होज, सिल, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड ही झिजणारी मंडळी नवीच घ्यावीत. हाउसिंग, नकल असे जाड भाग जुने चालतील, पण तडा तपासून. रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचं, कोरडं पुसायचं, वर खडूची पूड चोळायची. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल पाझरतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. वेल्डिंग केलेला नकल किंवा पिटमन आर्म (स्टिअरिंग बॉक्सचा दांडा) मात्र फुकट दिला तरी घेऊ नये, यावर मी ठाम आहे.

आता मुख्य मुद्दा. 'घेणाऱ्याने बघून घ्यावं' हे तुमचं म्हणणं कायद्यालाही बरंचसं धरून आहे. 1930 च्या मालविक्री कायद्याचं कलम 16 काही अपवाद सोडले तर हेच सांगतं. पण 1872 च्या करार कायद्यात कलम 17 आहे, आणि माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं त्यात फसवणुकीत मोडतं. नुसतं गप्प बसणं वेगळं आणि तड्यावर एम-सील भरून वर काळा रंग मारणं वेगळं. आपल्या बाजारात दुसरा प्रकार किती चालतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

माझ्यावर काय बेतलं ते मूळ लेखात लिहिलं नव्हतं. माझ्या जीपला पुढे-मागे 5.38 चं क्राउन-पिनियन (एक्सलच्या आतली दातेरी चाकांची जोडी), म्हणजे क्राउनला 43 दाते आणि पिनियनला 8. मागचा एक्सल निकामी झाला, तेव्हा एका ओळखीच्या माणसाकडून जुना घेतला. धुऊनपुसून चकाचक होता, आत नवं कोरं ऑइल. बसवला, दोन महिने गाडी टू-व्हील ड्राइव्हमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांच्या जोरावर, छान पळाली. फक्त चढाला थोडी मऊ वाटायची, आणि काटा 50 दाखवी तेव्हा मोबाइलवर 55 दिसे. मी म्हटलं, टायरच्या मापाचा फरक असेल. मग पावसाळ्यात पानशेतच्या पुढे चिखलात फोर बाय फोर टाकला, म्हणजे चारही चाकांना जोर दिला. चिखलात चाकं घसरतात, त्यामुळे तिथे काही कळलं नाही. पुढे कडक मुरूम लागला आणि गाडी कोणीतरी मागून धरल्यासारखी अडली. लिव्हर निघेना, ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणारी मधली गिअरपेटी) कण्हल्यासारखा आवाज. रिव्हर्स घेऊन, झटके देऊन कसाबसा लिव्हर सुटला. गॅरेजला एक्सल उघडला तर मागे 39 ला 8, म्हणजे 4.88. पुढची आणि मागची चाकं दोन वेगळ्या हिशोबांनी फिरायला बघत होती आणि मधला गिअर दोघांमध्ये पिळला जात होता. विकणाऱ्याला हे ठाऊक होतं. 'तुम्ही विचारलं नाहीत' एवढंच तो म्हणाला. दादा, त्या दिवशी माझा मुलगा शेजारच्या सीटवर होता. हेच उताराच्या वळणावर झालं असतं तर काय, हा विचार आजही पाठ सोडत नाही.

म्हणून घेणाऱ्यांना सांगतो, एक्सल न उघडताही रेशो (दात्यांचं हे प्रमाण) मोजता येतो. एक बाजू घट्ट धरा, दुसरं ड्रम खडूची खूण करून बरोबर दोन फेरे फिरवा आणि पिनियनचा फ्लँज (इंजिनकडून येणारा शाफ्ट जोडतात ती चकती) किती फिरला ते मोजा. पाच पूर्ण आणि वर तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त भरलं तर 5.38. पाचाला थोडं कमी पडलं तर 4.88. लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारं यंत्र) बसवलेला एक्सल असेल तर हे जमणार नाही, तिथे दातेच मोजावे लागतील. मग तळाचा बोल्ट काढून ऑइल बोटावर घ्या. दुधासारखं असेल तर ओढ्यातलं पाणी आत गेलंय. भाताच्या शिताएवढा तुकडा लागला तर दात गेलाय. आणि ऑइल अगदी नवं दिसलं तर जुनं का काढलं ते आधी विचारा.

हे सगळं घेणारा करेलच, पण विकणाऱ्याला जे एका वाक्यात सांगता येतं ते शोधायला घेणाऱ्याचा दिवस जातो, आणि तरी चुकतं. मी स्वतः विकताना साध्या कागदावर लिहून देतो: कुठल्या गाडीचा, गाडी कुठल्या पासिंगची, का काढला, काय खराब आहे, तारीख, सही. गेल्या वर्षी कमानीचे पाटे विकले तेव्हा 'मेन पाट्याचा डोळा झिजलाय, बुश नवा टाकूनही आवाज येतो' असं लिहून दिलं. भाव कमी मिळाला हे खरं. पण त्याच माणसाने पुढे विंच माझ्याकडूनच नेली, आणि घासाघीस केली नाही.

कागदाचा दुसरा उपयोग तुमच्यासारख्या सतत माल फिरवणाऱ्यांनाच जास्त आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेतला किंवा ठेवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. माल कुठून आला ते दाखवणारा कागद हाताशी असला तर पोलिसांसमोर बोलायला काहीतरी असतं. नट-बोल्ट, आरसे यांना कोणी कागद मागत नाही, मीही नाही. इंजिन घेताना मात्र त्यावरचा नंबर आरसीशी जुळवल्याशिवाय पैसे मोजू नयेत. तिथे तडजोड करायला मी तयार नाही.

आता तुमच्या हबची जोडी. मला खरंच हवी आहे. डायल 'फ्री'वरून 'लॉक'वर नुसत्या हाताने जातो की पान्याने फिरवावा लागतो? 'फ्री'वर दोन्ही दिशांना मोकळं फिरतं का? आतल्या दात्यांच्या कडा अजून धारदार आहेत की गोलावल्यात? पाण्यातून आणल्यावर शेवटचं कधी उघडून ग्रीस बदललं होतं? आणि जोडी एकाच गाडीची की दोन गाड्यांची? एवढं लिहून द्या, येत्या रविवारी रोख पैसे घेऊन येतो.